मुभा माझी, पंगत सगळ्यांची

ख्रिस्ती माणसाने बेताने दारू प्यायली तर चालते का, या प्रश्नाचे उत्तर नवी मुंबईत तुम्ही कोणत्या दाराशी उभे राहून विचारता त्यावर ठरते. सिडकोने १९७० नंतर आगरी-कोळ्यांच्या गावठाणांभोवती हे शहर उभे केले आणि इथला ख्रिस्ती समाज बहुतांशी बाहेरून येऊन वसला. वाशीच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये मिस्साला येणारी गोव्याची, मंगळूरची, वसईची कुटुंबे आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांतात मोडणारे केरळचे सिरो-मलबार कॅथलिक आहेत, त्यांच्या शेजारी ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा आहेत. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेले मराठी प्रोटेस्टंट आहेत आणि भाड्याच्या सभागृहात रविवारची उपासना भरवणाऱ्या पेन्टेकोस्टल मंडळ्याही आहेत. एका घरात नाताळच्या कितीतरी आठवडे आधी काळी द्राक्षे, साखर, यीस्ट आणि लवंग-दालचिनी घालून बरणी मुरत ठेवलेली असते; समोरच्या घरात बिअरचा एक ग्लासही विश्वासातून घसरल्याची खूण मानला जातो. बायबल दोन्ही घरांत एकच. मुले एकाच शाळेत शिकतात, एकमेकांच्या लग्नांना जातात, काही एकमेकांशी लग्नही करतात, आणि मग रिसेप्शनला टोस्ट कशाने करायचा हा प्रश्न दोन्ही कुटुंबांपुढे येतो. तो टाळून चालत नाही, कारण त्याच्या मागे शास्त्राचा अर्थ काय आणि शेजाऱ्याचे देणे किती, हे दोन्ही उभे असते.

माझे म्हणणे असे की बेताने पिण्याला शास्त्र पाप म्हणत नाही, आणि जे पाळक तसे शिकवतात ते शास्त्रात नसलेली आज्ञा शास्त्राच्या नावाने देतात. मात्र ही मुभा माणसाला त्याच्या घरापुरती, त्याच्या विवेकापुरती मिळालेली आहे. मंडळी म्हणून आपण जी पंगत मांडतो, म्हणजे पॅरिश हॉलमधली लग्ने, चर्चच्या सणाचे जेवण, नाताळचा कार्यक्रम, तिथे दारू नसावी. ही दोन्ही विधाने एकमेकांविरुद्ध जातात असे वाटेल. ती एकाच शिकवणुकीतून निघतात, हे दाखवण्याचा इथे प्रयत्न आहे.

आधी थोडे आपल्या प्रदेशाबद्दल, कारण इथे या विषयावर दोन ठाम चित्रे आधीच तयार आहेत. बहुसंख्य मराठी वाचकाच्या मनातला ख्रिस्ती माणूस हिंदी सिनेमाने रंगवला. ‘अमर अकबर अँथनी’ १९७७ चा. त्यातला अँथनी देशी दारूचा अड्डा चालवतो आणि ते कुणालाच खटकत नाही. त्याआधी मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये आणि पुढे १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली, तेव्हा चोरट्या हातभट्टीच्या गुत्त्यांना ‘आंटीचा गुत्ता’ हे नाव पडले, कारण असे बरेच गुत्ते गोवन किंवा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, बायका चालवत. त्या बायकांची गरिबी विस्मरणात गेली, ‘आंटी’ तेवढी राहिली. दुसरे चित्र याच्या उलटे आणि मराठी प्रोटेस्टंटांना जवळचे आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेचे काम त्यांनी जवळून पाहिले आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात त्याचे मनापासून कौतुक केले. साल्व्हेशन आर्मी १८८२ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरली, आणि तिच्या प्रत्येक सैनिकाला मद्य न पिण्याची प्रतिज्ञा करावी लागते. नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या ज्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यासाठी दारू सुटणे म्हणजे सावकाराच्या आणि पाटलाच्या दारातून सुटणेही होते. त्यामुळे ‘ख्रिस्ती म्हणजे पिणारा’ हे जितके अर्धवट, तितकेच ‘खरा ख्रिस्ती कधीच पीत नाही’ हेही अर्धवट आहे. पहिले चित्र बाहेरच्यांनी लादले, दुसरे आपल्यातल्या एका मोठ्या अनुभवातून आले आणि म्हणून अधिक आदराला पात्र आहे. पण आदर वेगळा आणि शास्त्राधार वेगळा.

शास्त्राधार पाहू. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने केलेले पहिले चिन्ह गालीलातल्या काना गावी लग्नाच्या घरी घडते. द्राक्षारस संपतो, मरिया ते येशूच्या कानावर घालते, आणि तो सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस करतो. रांजणांचे माप योहान सांगतो; आजच्या हिशेबात तो साठा साडेचारशे लिटरच्या खाली येत नाही. स्तोत्रकार द्राक्षारस हे अन्न आणि तेलाच्या बरोबरीने देवाचे दान मानतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात सणाच्या दशांशाच्या पैशातून द्राक्षारस, इतकेच काय मद्यही, विकत घेऊन देवासमोर आनंद करण्याची परवानगी आहे. पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि लूकच्या सातव्या अध्यायात येशू स्वतःची तुलना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाशी करतो: योहान द्राक्षारस पीत नव्हता तर लोकांनी त्याला भूत लागले म्हटले, आणि येशू खातपीत आला तर त्याला खादाड आणि दारुडा म्हटले. ही टीका ज्याच्यावर होऊ शकली तो द्राक्षारसाला हात न लावणारा असणे शक्य नाही. त्याच वेळी न पिणाऱ्या योहानाला येशू कमी लेखत नाही, हेही त्याच उताऱ्यात आहे. पुढचा सगळा युक्तिवाद मला या एका जागेवरून सुचतो: पिणारा आणि न पिणारा, दोघांनाही तिथे जागा आहे.

यावर वर्ज्यवादी मंडळ्यांचे नेहमीचे उत्तर असते की बायबलमधला तो रस आंबवलेला नव्हताच, ताजा होता. हे उत्तर प्रामाणिक श्रद्धेतून येते, पण टिकत नाही. पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी, वल्हांडण सण वसंतात. मधल्या सहा-सात महिन्यांत उष्ण हवेत द्राक्षांचा रस न आंबता टिकवण्याची सोय त्या काळी सामान्य घरांत नव्हती. ती सोपी पद्धत आली १८६९ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरचे तंत्र द्राक्षरसाला लावले तेव्हा, आणि तीही प्रभुभोजनात न आंबलेला रस वापरता यावा म्हणूनच. शिवाय करिंथच्या मंडळीचा पुरावा पौलाच्या पत्रातच आहे. तिथे प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी येऊन खातपीत, गरीब उपाशी राहत आणि काही जण चक्क झिंगत. पौल त्यांना कडक शब्दांत झापतो. झापतो ते अधाशीपणासाठी, गरिबाच्या अपमानासाठी, नशेसाठी. पेय बदला, असे तो सांगत नाही. नुसत्या रसाने माणसे झिंगली नसती.

इथवर आल्यावर बेताने पिणारे आमचे मित्र सुखावतात आणि चर्चा इथेच थांबवतात. तिथे माझा त्यांच्याशी मतभेद सुरू होतो. ज्या शास्त्रात काना आहे त्याच शास्त्रात नोहाची नशेतली विटंबना आहे, नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायातले दारुड्याचे लाल डोळे आणि विनाकारण जखमा आहेत, इफिसकरांना लिहिलेली नशेविरुद्धची स्पष्ट ताकीद आहे, आणि मंडळीच्या वडिलांनी, सेवकांनी, वयस्क स्त्रियांनी दारूच्या आहारी जाऊ नये ही अट वारंवार आहे. त्यातून तेव्हाचे पेय आणि आजचे पेय एक नाही. आंबवलेल्या द्राक्षारसात मद्यार्क साधारण बारा ते पंधरा टक्क्यांपुढे जात नाही, कारण त्यापुढे यीस्टच मरते. ग्रीक आणि रोमन जगात तोही पाणी मिसळून पीत. मिस्सामध्ये आजही चषकात पाण्याचे थेंब घालतात. दारू गाळून तिचा मद्यार्क वाढवण्याची कला युरोपात बाराव्या शतकाच्या सुमारास रुळली, म्हणजे पौलानंतर हजारावर वर्षांनी. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेले असते. तीमथ्याला दिलेला सल्ला क्वार्टरच्या बाटलीला चिकटवणे हा शास्त्राचा गैरवापर आहे, आणि तो आपल्या समाजात सर्रास होतो. महाराष्ट्राचा कायदासुद्धा हा फरक ओळखतो: बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असे काही नेते म्हणाले. तेही खरे नाही. फरक प्रमाणाचा आहे, आणि तो लक्षात ठेवावा लागतो इतकेच.

मराठी माणसाच्या मनात या विषयावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप बायबलमधून येत नाही, रंगभूमीवरून येतो. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि तेव्हापासून सुधाकर आणि सिंधूची गत आपल्या सामूहिक स्मृतीत आहे. पहिला प्याला हातात घेतला की शेवटचा टळत नाही, म्हणून बेताने पिणे ही फसवणूक आहे, असा त्या नाटकाचा धाक. हा धाक आकड्यांवर तपासता येतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या ५.७ कोटींचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीचे आहे. म्हणजे पिणाऱ्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माणसे त्या उतारावरून घसरलेली नाहीत, आणि एक तृतीयांशाहून अधिक घसरलेली आहेत. पहिला भाग सांगतो की पहिल्या घोटातच विनाश आहे असे म्हणणे खोटे आहे. दुसरा भाग मात्र झोप उडवणारा आहे. टेबलाभोवती बसलेल्या तीन पिणाऱ्यांपैकी एक संकटात असण्याची शक्यता असते, आणि तो कोण हे बहुधा उरलेल्या दोघांना माहीत नसते. कधीकधी त्यालाही नसते.

म्हणूनच पिण्याला सरसकट पाप म्हणण्याने नुकसान होते असे मी म्हणतो. ज्या मंडळीत एक ग्लासही पाप आहे, तिथे ज्याचे पिणे हाताबाहेर गेले तो माणूस पाळकाकडे जात नाही, तो लपतो. त्याची बायको प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये पोटदुखी आणि कर्ज सांगते, खरे कारण सांगत नाही. याच पाहणीनुसार दारूचे व्यसन जडलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठल्यातरी प्रकारचे उपचार मिळतात. लाज हे यामागचे एक मोठे कारण आहे, आणि धर्माने त्या लाजेत भर घातली तर तो दोष धर्म सांगणाऱ्यांकडे जातो. याउलट उदाहरण वांद्र्याचे आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः या व्यसनातून बाहेर आलेले धर्मगुरू, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची बारा पायऱ्यांची पद्धत आणि अय्यंगार गुरुजींकडून शिकलेला योग यांची सांगड त्यांनी घातली, पुढे वसईत मोठे केंद्र उभे राहिले, २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका धर्मगुरूने आपले व्यसन आजार म्हणून उघड सांगितले, आणि त्यातून हजारो कुटुंबांसाठी दार उघडले. पापाच्या यादीत दारूचे नाव लिहून हे झाले नसते.

तर मग पिण्याला पाप न म्हणता मंडळीच्या पंगतीतून दारू काढायची, हे कोणत्या आधाराने? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय हा आधार आहे, आणि या वादात तो नेहमी अर्धाच वाचला जातो. रोमच्या मंडळीत काही जण सगळे खात, काही फक्त भाजीपाला खात. काही विशिष्ट दिवस पाळत, काही पाळत नसत. पौल स्वतः पहिल्या गटाच्या मताचा होता. कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही, असे त्याचे मत. तरीही तो दोघांना दोन वेगळ्या गोष्टी बजावतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. नवी मुंबईच्या आजच्या भाषेत, गोव्याच्या कुटुंबाने शेजारच्या पेन्टेकोस्टल कुटुंबाला ‘मागासलेले’ म्हणू नये आणि त्या कुटुंबाने यांना ‘नावाचे ख्रिस्ती’ म्हणू नये. इथवर बहुतेकांना पटते. त्यानंतर पौल आणखी एक पाऊल टाकतो, आणि तिथे तो मांसाबरोबर द्राक्षारसाचेही नाव घेतो: ज्याने आपला भाऊ अडखळतो ते न खाणे, न पिणे चांगले. हे पाऊल कोणी टाकायचे? ज्याला मुभा आहे त्याने. कारण त्याच्याकडेच सोडण्यासारखे काही आहे. दुर्बळाला सामर्थ्य दाखवायला सांगण्याऐवजी समर्थाने आपला हक्क बाजूला ठेवावा, ही या पत्राची रीत आहे, आणि मला वाटते ख्रिस्ती नीतीतले हे सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात गैरसोयीचे कलम आहे.

‘त्याची कमजोरी ही माझी जबाबदारी का?’ हा आक्षेप यावर येतो, आणि सुशिक्षित वर्गात तो अधिक येतो. घरात, मित्रांत, हॉटेलात हा प्रश्न वाजवी आहे; दुसऱ्याच्या प्रत्येक अडचणीसाठी माणूस स्वतःला बांधून घेऊ शकत नाही. पण मंडळीची पंगत ही निवडलेल्या मित्रांची बैठक नाही. तिथे कोण यावे हे यजमानाच्या हातात नसते, आणि नसावेच. तिथे सहा महिन्यांपासून न प्यालेला माणूस येतो, ज्याच्यासाठी ट्रेमधून समोर आलेला ग्लास म्हणजे सगळ्या कष्टांची परीक्षा असते. पगाराच्या दिवशी नवरा घरी कसा येईल याची धास्ती घेऊन जगणारी बाई येते. पंधरा-सोळा वर्षांची मुले येतात आणि आपले वडील, काका, कॉयरमधले दादा कसे साजरे करतात ते बघून शिकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात, स्त्रिया अर्धा टक्काही नाहीत. म्हणजे या राज्यात दारूचे सुख जवळजवळ सगळे पुरुषांच्या वाट्याला आणि त्याची झळ मोठ्या प्रमाणात बायकांच्या वाट्याला येते. पंगत कोणासाठी मांडायची याचा विचार करताना हा असमतोल डोळ्यांआड करता येत नाही.

या ठिकाणी कोणी विचारेल, वेदीवरच द्राक्षारस आहे, मग हॉलमध्ये सोवळे कशाला? हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर वेदीकडूनच मिळते. कॅथलिक चर्चचा नियम कडक आहे: मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न नासलेला हवा. मुंबई दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीतल्या वापरासाठी वेगळी वाट ठेवली, इतके त्याचे स्थान मोठे. तरीही व्यसनातून बाहेर पडलेल्या धर्मगुरूचे काय, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा रोमने २००३ च्या परिपत्रकात मार्ग स्पष्ट केला. धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या परवानगीने असा धर्मगुरू मुस्टम वापरू शकतो, म्हणजे ज्याचे आंबणे सुरुवातीलाच थांबवले आहे असा द्राक्षांचा रस. सामान्य भाविकाला चषक घेण्याची सक्ती नाहीच. फक्त भाकरीच्या रूपात घेतलेले ख्रिस्तशरीर पूर्ण मानले जाते. मेथडिस्ट आणि इतर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तर वेल्चच्या काळापासून प्रभुभोजनात न आंबवलेला रस स्वीकारला. म्हणजे जिथे द्राक्षारसाला विधीचे, परंपरेचे, खुद्द प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे पाठबळ आहे, तिथेही चर्चने एका अडखळणाऱ्या माणसासाठी जागा करून दिली. जिथे असे कोणतेच पाठबळ नाही, त्या रिसेप्शनच्या काउंटरवर आपण ती करू शकत नाही असे म्हणायला आपल्याकडे काय उरते?

संस्कृतीचा मुद्दा उरतो, आणि तो मी हलका मानत नाही. ईस्ट इंडियन लग्नातल्या उंबराच्या पाण्याच्या विधीला खिमाड हे मसाले घातलेले गरम मद्य पाजण्याची रीत आहे. गोव्याच्या लग्नात टोस्टशिवाय पंगत सुरू होत नाही. काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पोर्तुगीज, ब्रिटिश, मग भाषिक राजकारण आणि आता शहरीकरण या सगळ्यांतून या समाजांनी ज्या थोड्या गोष्टी वाचवल्या त्यांत या आहेत, आणि बाहेरून आलेल्या प्रचारकाने त्यांना ‘मूर्तिपूजकांचे अवशेष’ म्हणून हिणवावे हे चीड आणणारे आहे. उंबराचे पाणी घरच्या अंगणात होते, जवळच्यांत होते, प्रमाणात होते; ते तिथे राहू द्यावे. टोस्टचा गाभा मात्र ग्लासात नसतो. वधूवरांविषयी कोणी जाणते माणूस चार शब्द बोलते, सगळे उभे राहून त्यांना शुभचिंतन करतात, हा तो गाभा आहे, आणि तो कोकमाच्या सरबताने किंवा द्राक्षरसाने तितकाच पार पडतो. लग्नाच्या पंगतीत दारू वाहिली पाहिजे, नाहीतर यजमान कंजूष ठरतो, ही रीत काही पूर्वजांनी दिलेली नाही. ती गेल्या काही दशकांतल्या पैशाने आणि केटररच्या पॅकेजने दिली.

आरोग्याचा मुद्दा थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणावे असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. त्यामुळे ‘थोडी हृदयाला चांगली’ हा आधार आता घेऊ नये. पण जोखीम म्हणजे पाप नव्हे. तसे धरले तर तळण आणि साखरही वर्ज्य करावी लागेल. जोखीम ओळखून प्रौढ माणूस निर्णय घेतो, आणि तो निर्णय त्याचा असतो, फक्त दुसऱ्याच्या जिवावर बेतेपर्यंत. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ संयमाविषयी सांगताना अतिरेक टाळण्यास सांगतो, आणि त्याच परिच्छेदात नशेत गाडी चालवून स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालण्याला गंभीर दोष म्हणतो. पाम बीच रस्त्यावरून लग्न आटोपून मध्यरात्री भरधाव परतणाऱ्यांना हा परिच्छेद कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त लागू आहे, आणि ज्या यजमानाने त्यांचे ग्लास भरले त्यालाही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मग सरळ दारूबंदीच मागा. ती मागणी वेगळी आहे आणि तिचे उत्तर वेगळे आहे. खारघरच्या रहिवाशांनी आपल्या वसाहतीत दारूची दुकाने आणि बार नकोत म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला आहे. राज्यात स्त्रियांना मतदानाने दुकान बंद करण्याचा हक्क आहे: पंचवीस टक्के मतदार स्त्रियांनी मागणी करायची आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत द्यायचे. नागरिक म्हणून ख्रिस्ती माणसाने अशा लढ्यांत उतरावे, उतरतातही. पण कायद्याने सगळ्यांवर बंदी लादण्याचा अनुभव या राज्यात फारसा आशादायक नाही. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. जे सरकारच्या दंडुक्याने जमत नाही ते मंडळीच्या स्वेच्छेने जमू शकते, कारण रोमकरांच्या पत्रातली मागणी प्रेमाने सोडण्याची आहे, आणि प्रेम कायद्याने वसूल करता येत नाही. म्हणूनच बिशपांनी वरून फतवा काढावा असेही मी म्हणत नाही. हा निर्णय प्रत्येक पॅरिश कौन्सिलने, प्रत्येक मंडळीच्या पंचांनी चर्चा करून घ्यावा, आणि त्या चर्चेत स्त्रिया आणि व्यसनमुक्त झालेले सभासद निम्म्याने असावेत.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो उघड बोलला जात नाही. हॉल दारूविना दिला तर बुकिंग कमी होतील, लोक दुसरीकडे जातील, चर्चच्या शाळेची, दुरुस्तीची, धर्मादायाची रक्कम घटेल. हे खरे असू शकते. शिवाय काही पाहुणे पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून पितीलच, हेही खरे आहे. पहिल्यावर उत्तर एवढेच की हा तोटा मंडळीने जाणूनबुजून सोसावा आणि वार्षिक हिशेबात तो वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे आपण काय मोजले हे सभासदांना कळेल. दुसऱ्यावर उत्तर असे की पार्किंगमधला माणूस स्वतःच्या निर्णयाने पितो. हॉलमध्ये त्याला मंडळी पाजते. ज्या आवारात आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनमुक्तीच्या गटाला मोफत खोली देता येईल तिथे ती द्यावी, हॉलच्या अर्जावर अट ठळक छापावी, आणि ज्याला घरी आपल्या मित्रांसोबत नाताळच्या बरणीतला एक ग्लास घ्यायचा आहे त्याला प्रवचनातून दोषी ठरवणे थांबवावे. या तीनही गोष्टी पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत ठरू शकतात.